चांद्याचा सेनापती

चंद्रपुरात बाबुराव पुल्लेसूर शेडमाके हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाखाली, इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. तेव्हा त्यांचं वय होतं २५. आजही त्या तारखेला अहेरी, एटापल्ली, चामोर्शीकडची माणसं तिथे येऊन माथा टेकवतात. २००९ साली त्यांच्या जयंतीला, १२ मार्चला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. जयजयकार झाला, हार घालून झाले, तरी एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. लढणारा म्हणून, माणसं हाताखाली घेऊन रणात उतरणारा म्हणून, हा तरुण जमीनदार कसा होता?

हा प्रश्न अहेरीहून चंद्रपूरला येणाऱ्या एसटीत निघाला. बोलणारे दोघे. एक चंद्रपूरचे निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक, जन्मभर ग्रीस-रोमपासून भोसल्यांपर्यंत सगळं शिकवलेले. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, अहेरी तालुक्यातल्या गोंड घरातली, आता स्वतः महाविद्यालयात शिकवणारी. पिंपळाखालच्या कार्यक्रमालाच दोघं निघाले होते. आलापल्ली सुटली तशी सरांनी सुरुवात केली.

"शहीद म्हणून मी त्यांच्यापुढे डोकं ठेवतो. पण शहीद वेगळा, सेनापती वेगळा. त्याने माणसं कशी जमवली, लढायला जागा कुठली धरली, हरल्यावर काय केलं, शत्रूला ओळखलं की नाही, हे सगळं पाहावं लागतं. बाबुरावांना या मापाने कुणी मोजलंच नाही."

"मोजा की, सर. फक्त माप कुणाचं ते आधी सांगा."

सरांनी आधी काळ मांडला. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच्याबरोबर चांदा गेलं. वैनगंगा आणि प्राणहितेच्या काठची जमीनदारी घराणी गोंड राजांच्या काळापासून आपापल्या परगण्यांत जवळजवळ स्वतंत्र होती. त्यांना आता चांद्यात बसणाऱ्या डेप्युटी कमिश्नरला जाब द्यायची वेळ आली. मोलमपल्लीचं शेडमाके घराणं त्यातलंच. बाबुरावांचा जन्म १८३३चा, किष्टापूरचा. काही वर्षं त्यांना रायपूरला इंग्रजी शिकायला ठेवलं होतं, म्हणजे ज्यांच्याशी पुढे लढायचं त्यांची भाषा आणि त्यांचा कारभार त्यांनी लहानपणीच जवळून पाहिला होता. सप्टेंबर १८५७मध्ये त्यांनी जंगोम दल उभं केलं. गोंड, माडिया आणि रोहिले मिळून ४०० ते ५०० जण त्यात होते असं सांगतात.

"आता बघ," सर म्हणाले, "७ मार्च १८५८ला त्यांनी राजगड परगणा घेतला. चांगली सुरुवात. पण तारीख बघ ना! दिल्ली आदल्या सप्टेंबरातच इंग्रजांच्या हातात गेली होती. त्याच मार्चमध्ये लखनौ पडलं, एप्रिलच्या सुरुवातीला झाशी. नागपूरची फौज १३ जून १८५७ला उठणार होती, तो बेत फसला आणि भोसल्यांच्या बांकाबाईंनी आपली माणसं शांत ठेवली. सगळीकडचा वणवा विझत आल्यावर ह्यांनी काडी लावली. चांगला सेनापती आधी वेळ ओळखतो."

तिचं उत्तर तयार होतं. "दिल्ली-लखनौचं पंचांग चांद्याला लावू नका. आमच्याकडे मार्च म्हणजे धान घरात आलेलं, शेतीचं काम संपलेलं, मोह पडायला लागलेला. माणूस मोकळा असतो आणि नदी पायी ओलांडता येते. तिथून पुढे जूनपर्यंत टिकलं की पाऊस लागतो. एकदा पाऊस लागला की वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती तिन्ही भरतात आणि बाहेरची फौज चार महिने कुठे जात नाही. त्यांना पावसाळ्यापर्यंत निभावून न्यायचं होतं. ते निभावलंही. त्यांना पकडलं सप्टेंबरात, पावसाळा सरत आल्यावर."

बाबुरावांच्या मनात नेमकं हेच होतं, असं सांगणारा कागद नाही. पण या मुलखात ज्याने एक तरी पावसाळा काढला आहे, त्याला ही तारखांची जुळणी योगायोगाची वाटणार नाही.

घोसरीच्या लढाईबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. राजगड गेल्याची बातमी चांद्याला पोचली. डेप्युटी कमिश्नर कॅप्टन क्रिक्टनच्या हाताशी पक्की फौज नव्हती, मिळतील तेवढी माणसं त्याने धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली आणि इंग्रजांची माणसं मागे हटली. नंतर बाबुरावांनी गढीसुर्ल्याचा डोंगर धरला. मूलकडे अजून सांगतात की इंग्रजांच्या माणसांनी पहाटे डोंगराला वेढा घातला आणि गोळ्या संपेस्तोवर गोळीबार केला. वरून उत्तर आलं ते दगडांचं. मोठमोठे धोंडे उतारावरून सोडले गेले आणि खालचा वेढा फुटला.

"तुमच्या पुस्तकात हे बसतं का?" तिने विचारलं.

"चांगलंच बसतं," सर म्हणाले, आणि इथे त्यांनी ग्रीस काढलं.

त्यांनी सांगितलेला सेनापती होता अथेन्सचा डेमॉस्थेनीस. वक्ता डेमॉस्थेनीस नव्हे, तो त्याच्या पाऊणशे वर्षांनंतरचा. हा इसवी सनपूर्व ४२६मध्ये नॉपॅक्टसच्या बाजूने इटोलियाच्या डोंगराळ मुलखात शिरला. इटोलियाचे लोक तटबंदी नसलेल्या, दूर दूर पसरलेल्या खेड्यांत राहत आणि हलक्या हत्यारांनी लढत. त्यांना सहज जिंकता येईल असं त्याला दोस्तांनी भरवलं होतं. लोक्रियन दोस्तांचे भालाफेके पोचायचे होते, त्यांच्यासाठी तो थांबला नाही. पहिली दोन-तीन गावं हातात आली. एगिटियमपाशी मात्र डोंगरांवरून चारी बाजूंनी भाल्यांचा मारा सुरू झाला. अथेन्सवाले पुढे सरकले की इटोलियन मागे हटत, अथेन्सवाले मागे वळले की ते पुन्हा अंगावर येत. धनुर्धरांकडे बाण होते तोवर कसंबसं निभलं. धनुर्धरांचा नायक पडला आणि सगळे पळत सुटले. वाट दाखवणारा मेसेनियन मेला. वाट न सापडून बरेचजण एका गर्द रानात शिरले, आणि इटोलियनांनी त्या रानाला चहूबाजूंनी आग लावली. अथेन्सचे १२० बिनीचे शिपाई तिथे गेले.

"पुढचं ऐक, खरी गोष्ट पुढेच आहे," सरांचा आवाज चढला. "तो माणूस घरी जायला घाबरला, नॉपॅक्टसलाच राहिला. पण शिकला! पुढच्याच वर्षी स्फॅक्टेरिया बेटावर ४२० स्पार्टन शिपाई अडकले होते. शिपायांच्या हातून लागलेल्या आगीत बेटावरचं रान जळालं, शत्रू किती आणि कुठे ते दिसलं. मग त्याने इटोलियनांचंच तंत्र स्पार्टनांवर चालवलं. हलकी हत्यारं, उंचवटे धरायचे, जवळ जायचं नाही, दमवायचं. २९२ स्पार्टन जिवंत हाती लागले. सगळं ग्रीस थक्क झालं. सेनापतीचं आयुष्य याला म्हणतात. हरणं, शिकणं, जिंकणं. शेवटी सिसिलीत शरण आला, ४१३मध्ये सिराक्यूजवाल्यांनी त्याला ठार केलं, पण त्याचं आयुष्य आपल्यासमोर उलगडतं. बाबुरावांच्या आयुष्याला मला तशी वाढ दिसत नाही. मार्चमध्ये डोंगर, एप्रिलमध्ये डोंगर, मग धरपकड."

ती लगेच बोलली नाही. आष्टीच्या पुलावर वैनगंगेचं पात्र आलं तेव्हा तिने विचारलं, "सर, इटोलियनांच्या सेनापतीचं नाव काय?"

"म्हणजे?"

"ज्याने डोंगर धरला, रानाला आग लावायचं ठरवलं. कुणीतरी ठरवलंच असेल ना? अथेन्सचं पहिल्या दर्जाचं सैन्य त्याने मोडलं. त्याचं नाव?"

नाव नाही. थ्युसिडिडीसने ही मोहीम फार बारकाईने लिहिली आहे. वाटाड्याचं नावसुद्धा दिलं आहे, क्रोमॉन. डेमॉस्थेनीसच्या मेलेल्या सहकाऱ्याचं, प्रोक्लीसचं नावही आहे. पण एगिटियमची लढाई जिंकणाऱ्या माणसांत कुणाचं नाव नाही. उलट इटोलियातल्या एका जमातीबद्दल त्याने ऐकीव नोंद केली आहे की त्यांची बोली कुणाला समजत नाही आणि ते कच्चं मांस खातात म्हणे. थ्युसिडिडीस स्वतः सेनापती होता, दोन वर्षांनी ॲम्फिपोलिस हातचं गेलं म्हणून हद्दपार झाला, आणि जगातला सगळ्यांत चोख इतिहास त्याने लिहिला असं बरेच मानतात. तरी त्यालाही रानातल्या सेनापतीचं नाव विचारावंसं वाटलं नाही.

"डेमॉस्थेनीस शिकला हे बरोबर," ती म्हणाली. "पण कुणाकडून शिकला? आम्ही बाबुरावांना घोसरीच्या बाजूने वाचायचं की क्रिक्टनच्या बाजूने? तुम्ही म्हणता त्यांच्या आयुष्याला वाढ दिसत नाही. वाढ दिसायला लिहिणारा लागतो. त्यांचं आयुष्य लिहिलं त्यांना फाशी देणाऱ्या सरकारने."

हा मुद्दा या वादातला सर्वांत जड आहे. चांद्याच्या बंडाबद्दल जे लिखित मिळतं, त्याचा मोठा भाग मेजर लुसी स्मिथच्या १८६९च्या जमाबंदी अहवालातून आणि मध्य प्रांताच्या गॅझेटियरांतून आलेला आहे. जमीन मोजणाऱ्या, सारा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने कामाच्या ओघात दिलेली ही हकिगत. त्यात बाबुराव लूटमार करणारा जमीनदार आहे. दुसरीकडे गोंडी घरांतून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. बांबूत उगवणारा ताडवा खाल्ल्याने त्यांना अचाट बळ आलं होतं, फाशीचा दोर त्यांच्या गळ्यात टिकेना, तो पुन्हा पुन्हा तुटला. एकीकडे गुन्हेगार, दुसरीकडे देवमाणूस. मधला माणूस, जो पहाटे उठून कुठल्या वाटेला किती माणसं ठेवायची याचा विचार करत होता, तो दोन्हीकडे पुसट आहे.

सर हे मान्य करायला तयार होते, पण तेवढ्यावर सोडायला नव्हते. "ठीक. मग सरकारी कागदातूनच बघू. चिंचगुंडीचं काय?"

१८५८च्या त्या उन्हाळ्यात प्राणहितेच्या काठी इंग्रजांच्या तारखात्याची छावणी होती. २९ एप्रिलला बंडवाल्यांच्या एका तुकडीने चिंचगुंडीच्या तळावर छापा घातला. गार्टलँड आणि हॉल हे दोन तारखात्याचे इंग्रज मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि क्रिक्टनला जाऊन मिळाला.

"दोन बिनलढाऊ माणसं मारली," सर म्हणाले. "तोवर हा चांद्यापुरता दंगा होता. त्या रात्रीनंतर इंग्रजांच्या दृष्टीने तो खून झाला, आणि खुनाला माफी नाही. हजार रुपयांचं इनाम लागलं. युद्ध म्हणूनही चूक आणि माणूस म्हणूनही."

तिने ही बाजू टाळली नाही, हे विशेष. "मारलेली माणसं शिपाई नव्हती, त्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण तार तोडायचं ठरवणारा डोक्याने लढत होता, हे तर मान्य कराल? सत्तावनमध्ये इंग्रजांना तारेने वाचवलं हे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवलंत. नांगराला जुंपलेल्या बैलासारखं डोकं खाली घालून लढणारा असता, तर तो चांद्याच्या तटावर धडकला असता. ह्यांनी तारेचा तळ हेरला."

आणि तिने गॅझेटियरमधलाच एक तपशील पुढे ठेवला. लढाई संपली ती समोरासमोर हरून नव्हे. तारखात्याच्या अधिकाऱ्याच्या नावाने एक बनावट हुकूम लिहिला गेला आणि तो बंडवाल्यांच्या हाती पडेल अशी सोय केली गेली. त्यावर विसंबून त्यांनी रात्री एका घरावर चाल केली. घराभोवती मोठी तुकडी दबा धरून होती. अचानक गोळीबार झाला, फळी फुटली आणि ती माणसं पुन्हा एकत्र आली नाहीत.

"म्हणजे ते फसले," सर म्हणाले.

"फसले. पण हा सापळा कुणासाठी लावता येतो? जो शत्रूची पत्रं पकडतो आणि वाचतो त्याच्यासाठीच ना? जंगलात बसून इंग्रजी टपाल अडवून त्यावर बेत ठरवणारा माणूस हा! क्रिक्टनला हे माहीत होतं, म्हणून तर त्याने कागदाचा सापळा लावला. तुम्ही विचारलं शत्रूला ओळखलं का. शत्रूने त्यांना नीट ओळखलं होतं, एवढं तर दिसतं."

सर खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "हा मुद्दा मी चाळीस वेळा वाचून गेलो असेन, पण असा नाही वाचला." मग लगेच, जुन्या सवयीने, दुसरी बाजू उघडली. "पण बेटा, सेनापतीचं निम्मं काम तलवारीबाहेरचं असतं. मित्र जोडणं. अहेरी त्यांच्या बाजूला आली असती तर? सगळ्यांत मोठी जमीनदारी. तिथे लक्ष्मीबाई होत्या, नात्यागोत्यातल्या. आणि शेवटी लक्ष्मीबाईंच्याच माणसांनी १८ सप्टेंबरला बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. त्याआधी एकदा भोपालपट्टणमला हाती लागून ते निसटले होते. म्हणजे घरचं रानच त्यांच्या विरोधात गेलं होतं."

लक्ष्मीबाईंबद्दल बोलताना या मुलखात आजही आवाज बदलतो. ज्या वर्षी झाशीच्या लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढत पडल्या, त्याच वर्षी अहेरीच्या लक्ष्मीबाईंनी बाबुरावांना धरून दिलं, आणि बक्षीस म्हणून अडपल्ली-घोटचे जप्त परगणे त्यांच्याकडे आले. हे सांगून थांबणं फार सोपं आहे. तिने मात्र ते केलं नाही.

"त्यांना नुसती फितूर म्हणून मी मोकळी होत नाही. एक बाई जमीनदारी चालवते आहे. भोसल्यांचं अख्खं राज्य वारस नाही म्हणून चार ओळींच्या हुकुमाने गेलेलं तिने पाहिलं आहे. क्रिक्टन दारात येऊन सांगतो की याला पकडून दे. तिच्यापुढे काय उरलं होतं? तिने केलं ते मला मान्य नाही. पण बाबुरावांना मित्र जोडता आले नाहीत असं तुम्ही म्हणता, तेव्हा कुठल्या मित्रांना परवडलं असतं तेही सांगा. ज्याला परवडलं नसतानाही जो आला, तो एकच. व्यंकटराव."

अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर हे बंडात बाबुरावांच्या खांद्याला खांदा लावून होते. जप्त झालेले परगणे त्यांचेच. फळी फुटल्यावर ते बस्तरच्या रानात गेले आणि एप्रिल १८६०पर्यंत कुणाच्या हाती लागले नाहीत. शेवटी बस्तरच्या राजाकडून ते इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्याच सुमाराला प्राणहितेच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात, निर्मळकडे रामजी गोंडही रोहिल्यांना घेऊन लढत होते. पुढे १९१०मध्ये बस्तरात भूमकाल उठलं, त्याचा नायक गुंडा धूर इंग्रजांना कधीच सापडला नाही. आदिलाबादचे कोमरम भीम १९४०मध्ये जोडेघाटला पडले. नकाशा समोर धरला तर हा सगळा एकाच सलग रानाचा पट्टा आहे. त्यातल्या लढवय्यांचा एकत्र, सेनापती म्हणून, विचार करणारं पुस्तक मराठीत असायला हवं, आणि ते लिहिताना या बसमधल्या दोघांचीही गरज पडेल. कागद वाचणाऱ्याची आणि गोष्ट ऐकत वाढलेलीची.

गोंडपिपरीला बस थांबली. चहा घेता घेता सरांनी नवाच डाव टाकला.

"तुझं सगळं ऐकून मी मत बदलतो आहे, पण तुझ्या बाजूला नाही. सेनापती म्हणून मी आता व्यंकटरावांना वरचं स्थान देईन. सैन्य फुटलं, जोडीदार फासावर गेला, परगणे गेले, तरी तो माणूस दीड वर्षाहून जास्त काळ हाती लागला नाही. आणि त्याला कुणी हार घालत नाही."

तिला हे पटलं नाही. "लपून राहणं म्हणजे लढणं नाही, सर. बाबुरावांनी काही महिन्यांत परगणा घेतला, डोंगर राखला, तारेचा तळ उडवला. व्यंकटरावांनी त्या दीड वर्षात एक गाव तरी परत घेतलं का?"

"नाही घेतलं," सर म्हणाले, "की कुणी लिहिलं नाही?"

तिने कप खाली ठेवला. आपलाच मुद्दा आपल्यावर उलटलेला तिला कळला. "त्यासाठी बस्तरात, भोपालपट्टणमकडे जावं लागेल," ती म्हणाली. "तिकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांना व्यंकटरावांचं नाव माहीत आहे का, ते विचारावं लागेल. आणि गोंडीत विचारावं लागेल."

"मग दिवाळीनंतर निघू," सर म्हणाले. "आधी सिरोंचा, मग पलीकडे. विचारायचं काम तुझं. लुसी स्मिथचा अहवाल मी बरोबर घेतो."